मशीन मिळालं, पण खातं कुणाच्या नावावर?

१० ऑक्टोबर २०२५ रोजी तालिबान सरकारचे परराष्ट्रमंत्री आमिर खान मुत्ताकी दिल्लीत होते. काबूलमधल्या आपल्या तांत्रिक मिशनला पुन्हा दूतावासाचा दर्जा देत असल्याचं भारताने त्याच दिवशी जाहीर केलं. मुत्ताकींच्या पत्रकार परिषदेत महिला पत्रकारांना प्रवेश मिळाला नाही. त्यावरून गदारोळ झाला आणि १२ तारखेला महिला पत्रकारांना बोलावून दुसरी परिषद घ्यावी लागली. वाद मिटला, बातमी संपली.

या गडबडीत एक गोष्ट मागे पडली. त्याच दिल्लीत मालवीय नगर, खिडकी एक्स्टेन्शन, भोगल, लाजपत नगर या भागांत अफगाणिस्तानातून आलेली हजारो माणसं राहतात. त्यातल्या कित्येक बायका शिवणकाम आणि भरतकाम करून घर चालवतात. काबूलशी आपले संबंध सुधारले तर या बायकांचं काय होणार? त्या इथे नक्की कोण आहेत? पाहुण्या, परदेशी, निर्वासित की कामगार? याचं एका वाक्यात उत्तर देईल असा कायदा आपल्या देशात नाही. आणि या बायकांच्या रोजच्या कमाईची सगळी अडचण तिथूनच सुरू होते.

परतीची वाट बंद

आधी परिस्थिती पाहू. ऑगस्ट २०२१ मध्ये तालिबानने काबूल घेतलं. तेव्हापासून सहावीच्या पुढे मुलींना शाळा नाही. डिसेंबर २०२२ मध्ये विद्यापीठाची दारं बंद झाली, त्याच महिन्यात स्वयंसेवी संस्थांत बायकांनी काम करण्यावर बंदी आली. जुलै २०२३ मध्ये ब्युटी पार्लर बंद केली. घरातली कमावती बाई असणं हाच तिथे गुन्हा होऊन बसला आहे.

बाहेरही वाटा आखडल्या. २०२५ या एका वर्षात इराण आणि पाकिस्तानातून वीस लाखांहून अधिक अफगाण माणसं परत गेली. त्यातली कित्येक धक्के मारून पाठवलेली. दिल्लीतली अनेक कुटुंबं वर्षानुवर्षं अमेरिका किंवा कॅनडाच्या व्हिसाची वाट पाहत होती. अमेरिकेने जानेवारी २०२५ मध्ये निर्वासितांना घेण्याची आपली योजनाच थांबवली.

म्हणजे 'तात्पुरतं' म्हणून जे दिल्लीत चाललं होतं, ते आता तात्पुरतं राहिलेलं नाही. शिवणकाम हे वेळ घालवायचं साधन न राहता पोटाचा धंदा झालं आहे. तेव्हा धंद्यासारखाच त्याचा हिशोब मांडायला हवा.

उरलेल्या कापडाची बाहुली

दिल्लीतलं एक उदाहरण माहितीचं आहे. 'सिलाईवाली' हा उपक्रम २०१८ मध्ये आयरिस स्ट्रिल आणि बिश्वदीप मोइत्रा या जोडप्याने सुरू केला. कपड्यांच्या कारखान्यांत कटिंगनंतर उरणारं कापड घ्यायचं आणि त्यातून अफगाण निर्वासित बायकांनी हाताने बाहुल्या, शोभेच्या वस्तू करायच्या. काम शिकल्यावर केंद्रात बसून करता येतं, घरी नेऊनही करता येतं. माल परदेशातल्या दुकानांतही जातो.

संयुक्त राष्ट्रांची निर्वासितांसाठीची संस्था, म्हणजे यूएनएचसीआर, 'मेड फिफ्टीवन' नावाने जगभरच्या निर्वासित कारागिरांचा माल बाजारात आणते. सिलाईवाली त्या साखळीत आहे. या नावातला ५१ हा आकडा १९५१ च्या निर्वासितांविषयीच्या आंतरराष्ट्रीय कराराचा. भारताने त्या करारावर सही केलेली नाही, १९६७ च्या पूरक करारावरही नाही. म्हणजे ज्या कराराचं नाव मालाच्या चिठ्ठीवर आहे, तो करार माल बनवणारीला लागू नाही.

अशा केंद्रात पैशापलीकडेही काही घडतं. घराबाहेर पडून कधी नोकरी न केलेली बाई तिथे येते. दारी बोलणाऱ्या चार जणी भेटतात. मुलाला कुठल्या शाळेत घेतात, कुठल्या दवाखान्यात कागद मागत नाहीत, घरमालक भाडं वाढवतोय तर काय बोलायचं, हे तिथे कळतं. आपल्याकडच्या भिशीत किंवा बचत गटाच्या बैठकीत जे होतं, तेच. गाव, शेजार, नातेवाईक सगळं मागे राहिलेल्या बाईला तो नवा शेजार असतो. एकटी बाई ठेकेदाराशी दरासाठी भांडू शकत नाही, दहा जणी भांडू शकतात. हा निव्वळ व्यवहार आहे.

नगाचा हिशोब

आता वही उघडू. आकडे केवळ समजण्यापुरते धरा.

समजा, एका कापडी पिशवीला शिलाई १५ रुपये. दिवसात २० पिशव्या झाल्या तर ३०० रुपये हातात. त्यातून दोरा, सुया, वीज, मशीनची दुरुस्ती वजा करा. वाकडी शिलाई म्हणून दोन पिशव्या परत आल्या तर ३० रुपये गेले. तीच पिशवी दुकानात दीडशेला विकली जाते. मधल्या १३५ रुपयांत कापड, छपाई, वाहतूक, दुकानभाडं, कर आणि नफा. वडगाव, शहापूर, खासबागला मागावर किंवा घरी बसून पिको-फॉल, काज-बटण करणाऱ्या कोणाही ताईला हे गणित नव्याने शिकवायला नको.

मग फरक कुठे पडतो? इथली बाई नगावरचं काम सोडून स्वतःचा धंदा काढू शकते. केंद्राची पीएम विश्वकर्मा योजना सप्टेंबर २०२३ मध्ये आली, तिच्या १८ व्यवसायांत शिंपीकाम आहे. प्रशिक्षणाच्या काळात रोज ५०० रुपये भत्ता, अवजारांसाठी १५,००० रुपये, आधी एक लाख आणि मग दोन लाखांपर्यंत ५ टक्के व्याजाने कर्ज. पण नोंदणी आधारवर. उद्यम नोंदणी आधारवर. बँकेतही पहिला प्रश्न आधार आणि पॅनचा.

यूएनएचसीआरचं कार्ड आधारसाठी पुरावा म्हणून चालत नाही. २०११ पासून केंद्राच्या कार्यपद्धतीत निर्वासितांना दीर्घ मुदतीच्या व्हिसाची तरतूद आहे आणि तो असला तर खासगी क्षेत्रात कामही करता येतं. पण तो मिळणं, वेळेवर नवा होणं हा कार्यालयाच्या मर्जीचा भाग राहतो. तो नसलेल्या बाईचा व्यवहार रोखीत होतो. रोखीत झाला की नोंद नाही, नोंद नाही की पत नाही, पत नाही की कर्ज नाही. दहा वर्षं शिवलं तरी ती पहिल्या दिवशी होती तिथेच.

पायडलचं साधं मशीन आठ-दहा हजारांत येतं. ते दान द्यायला पुष्कळ जण तयार असतात, फोटोही चांगला येतो. पण या धंद्यात मशीन ही सगळ्यात स्वस्त गोष्ट आहे. महाग आहे तो कागद.

सुई तीच, कागद वेगळा

हे उगाच म्हणत नाही. आपल्याच देशात निर्वासित बायकांनी सुई-दोऱ्यावर संसार उभा केल्याची जुनी उदाहरणं आहेत. ती शेजारी शेजारी ठेवून पाहिली की फरक दिसतो.

पहिलं फाळणीचं. सिंधमधून आलेल्या सुमारे एक लाख लोकांची वस्ती कल्याणजवळच्या लष्करी छावणीत झाली, तिचंच १९४९ मध्ये उल्हासनगर झालं. दिल्लीत पुनर्वसन खात्याने स्त्रियांसाठी वेगळा विभाग काढला, रामेश्वरी नेहरू तो पाहत. शिवण, भरतकाम शिकवणारी केंद्रं निघाली. कमलादेवी चट्टोपाध्याय यांनी १९४८ मध्ये इंडियन को-ऑपरेटिव्ह युनियन उभी केली. पुढे १९५२ मध्ये दिल्लीचं कॉटेज इंडस्ट्रीज एम्पोरियम याच युनियनकडे चालवायला आलं. म्हणजे शिकवणारं केंद्र, सहकारी संघटना आणि विकणारं दुकान, तिन्ही कड्या जोडल्या गेल्या. सगळ्यात मोठी गोष्ट, या बायका नागरिक होत्या. मतदार यादीत नाव होतं. जागा स्वतःच्या नावावर करता येत होती. उल्हासनगरच्या जीन्सच्या कारखान्यांपर्यंतचा पुढचा प्रवास त्या पायावर झाला.

दुसरं कच्छचं. वडोदऱ्याच्या वाचकांना हे जवळचं वाटेल. १९७१ च्या युद्धात भारतीय सैन्याने सिंधच्या थरपारकर जिल्ह्याचा काही भाग घेतला होता. १९७२ च्या सिमला करारानंतर तो परत द्यायचं ठरलं, तेव्हा तिथली सोढा, मेघवाळ अशी हिंदू कुटुंबं कच्छ आणि बाडमेरकडे आली. बायकांच्या हातात 'सूफ' नावाचं भरतकाम होतं. कापडावर नक्षी न काढता, ताण्याबाण्याचे धागे मोजत, कापडाच्या उलट्या बाजूने हे काम होतं. मुलीच्या लग्नासाठी केलेलं हे भरतकाम अडचणीच्या वर्षांत व्यापाऱ्यांना मिळेल त्या भावाने विकावं लागलं. नंतर भुजच्या उत्तरेला सुमरासर शेख गावात 'कला रक्षा' ही संस्था १९९३ मध्ये नोंदली गेली. तिथे कामाची किंमत ठरवण्यात कारागीर बायका स्वतः बसू लागल्या. एका तुकड्याला किती दिवस लागले, हात किती सफाईचा आहे, हे त्याच सांगणार. थरपारकरच्या या लोकांना पुढच्या काही वर्षांत भारताचं नागरिकत्व मिळालं होतं. भाव ठरवायला बसण्याची हिंमत नुसत्या कसबातून येत नाही. उद्या इथून कोणी हाकलणार नाही, ही खात्रीही त्यामागे लागते.

तिसरं आपल्या अगदी दाराशी आहे. हुबळीपासून साधारण पन्नास किलोमीटरवर, उत्तर कन्नड जिल्ह्यात मुंडगोडची तिबेटी वसाहत आहे. ज्या १९६६ साली सीमाप्रश्नावर महाजन आयोग नेमला गेला, त्याच साली ही वसाहत बसली. तेव्हा निजलिंगप्पा मुख्यमंत्री होते आणि म्हैसूर राज्याने तिबेटींना जमीन दिली. महाराष्ट्रातही १९७२ मध्ये गोठणगावजवळ, आजच्या गोंदिया जिल्ह्यात, नॉर्ग्येलिंग ही वसाहत झाली.

तिबेटी बायका गालिचे विणत, स्वेटर विणत. थंडी सुरू झाली की आपल्या भागातल्या शहरांत रस्त्याकडेला त्यांचे स्वेटरचे स्टॉल लागतात, हे आपण वर्षानुवर्षं पाहतो. आज तो माल बहुतांशी लुधियानाच्या कारखान्यांतून येतो. पण धंद्याची बांधणी पाहण्यासारखी आहे. व्यापाऱ्यांची संघटना, लुधियानाच्या घाऊक व्यापाऱ्यांकडून उधारीवर माल आणि हंगाम संपल्यावर फेड. हातात कागद काय? नोंदणी प्रमाणपत्र, ज्याला सगळे 'आरसी' म्हणतात. ते नागरिकत्व नव्हे, मुदत संपली की नवं करावं लागतं. पण सरकारने दिलेला कागद आहे. राहण्याचा पत्ता आहे, वसाहतीत सहकारी संस्था आहे. २०१४ च्या तिबेटी पुनर्वसन धोरणाने जमिनीचा भाडेपट्टा आणि सरकारी योजनांचा लाभ देण्याची दिशा ठरवली. हंगाम संपल्यावर हा माणूस कुठे सापडेल हे लुधियानाच्या व्यापाऱ्याला माहीत असतं, म्हणून तो उधार देतो. पत म्हणजे आणखी काय असतं?

आता चौथ्या जागी दिल्लीची अफगाण बाई ठेवा. कसब तेवढंच, मेहनत तेवढीच. हातात संयुक्त राष्ट्रांचं कार्ड. तिच्या वतीने नोंदणी, कर, निर्यात हे सगळं संस्थेला करावं लागतं. संस्था चांगली असेल तर रास्त मजुरी मिळते आणि त्याबद्दल संस्थेचं कौतुकच करायला हवं. पण संस्था बंद पडली किंवा परदेशातली मागणी घटली तर बाईच्या नावावर काही उरत नाही. ना खातं, ना ब्रँड, ना गिऱ्हाइकांची यादी. फाळणीतल्या बायकांना मालकीण होता आलं, मुंडगोडच्या बायकांना सभासद होता आलं, दिल्लीतली बाई कारागीर राहते.

नव्या कायद्याने काय बदललं

२०२५ मध्ये संसदेने इमिग्रेशन आणि फॉरेनर्स कायदा केला. १९२०, १९३९, १९४६ आणि २००० चे चार कायदे गुंडाळून एक झाला आणि १ सप्टेंबर २०२५ पासून तो लागू आहे. जुने इंग्रजी अमलातले कायदे गेले, हे बरंच झालं. पण 'निर्वासित' कोणाला म्हणायचं, हे नव्या कायद्यातही नाही. शंभरेक वर्षांची अडगळ आवरली, पण हा एक कप्पा तसाच राहिला.

त्याच सुमारास सवलतींचा आदेश निघाला. त्यात ठरावीक तारखांपर्यंत आलेले तिबेटी आहेत, नोंदणी झालेले श्रीलंकेचे तमिळ निर्वासित आहेत. अफगाणिस्तान, पाकिस्तान, बांगलादेशातून धार्मिक छळामुळे ३१ डिसेंबर २०२४ पर्यंत आलेले हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी, ख्रिस्ती आहेत. अफगाण शीख कुटुंबांना याचा दिलासा आहे. पण हजारा समाजाची मुस्लिम बाई, जिला तालिबानने पंथावरून आणि बाई म्हणूनही नाडलं, ती या यादीत नावाने नाही. तिचा प्रत्येक अर्ज सुटा, प्रत्येक निर्णय सुटा.

न्यायालयांनी वेळोवेळी आधार दिला आहे. जगण्याचा हक्क देणारं घटनेचं कलम २१ हे नागरिकांपुरतं नाही, प्रत्येक व्यक्तीसाठी आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये चकमांच्या प्रकरणात स्पष्ट केलं. पण जगण्याचा हक्क आणि बँकेत खातं यांच्यात बरंच अंतर आहे. ते शासनाच्या परिपत्रकानेच कापता येतं.

'आपल्याच बायकांना काम नाही'

हा आक्षेप येणार आणि तो फेटाळून चालणार नाही. बेळगाव असो, सोलापूर असो की दिल्ली, शिवणकामाला दर मिळत नाही ही इथल्या बायकांचीही तक्रार आहे. बाहेरून आलेल्या बायकांना परवाने दिले तर दर आणखी पडतील, असं वाटणं स्वाभाविक आहे.

पण दर पडतात ते कशाने, हे पाहायला हवं. ज्या बाईकडे कागद नाही, ती कुठे तक्रार करू शकत नाही. १५ रुपयांचं काम ठेकेदार तिच्याकडून १० रुपयांत करून घेतो आणि मग तोच आकडा इथल्या बाईपुढे टाकतो, "ती दहात करते, तुला जमतं का बघ." कागद नसलेला कामगार हाच दर पाडायचा सगळ्यात सोपा मार्ग असतो. तिला खातं मिळालं, मजुरी नोंदली गेली, तर ठेकेदाराच्या हातातलं हे हत्यार जातं. आपल्या बायकांचं हित त्यातच आहे.

सुरक्षेचा मुद्दाही खरा आहे. आलेला प्रत्येक माणूस कोण, कुठला, हे सरकारला माहीत असलंच पाहिजे. पण नोंदणी, बोटांचे ठसे, पत्ता आणि बँकेचा व्यवहार असलेला माणूस सरकारला जास्त दिसतो की रोखीवर जगणारा?

त्याच वेळी, एक कागद दिला की सगळं सुटेल असंही नाही. जॉर्डनने २०१६ मध्ये सीरियन निर्वासितांना कामाचे परवाने द्यायला सुरुवात केली. पहिल्या वर्षांत ते घेणाऱ्यांत बायका शंभरात पाचच्या आसपासच होत्या. कारखाने दूर, मुलं लहान, रात्री परतायला वाहन नाही. नंतर घरगुती उद्योगांसाठी नियम सैल करावे लागले. म्हणजे कागदाबरोबर घराजवळची जागा, मुलं सांभाळायला कुणीतरी आणि सोबतीच्या चार जणी हव्यात. दिल्लीतल्या केंद्रांनी हा दुसरा अर्धा भाग स्वतःच्या बळावर उभा केला आहे. पहिला अर्धा भाग सरकारकडे अडला आहे.

करता येण्यासारखं

यासाठी नवा कायदा येईपर्यंत थांबायला नको. तीन गोष्टी प्रशासकीय आदेशाने होऊ शकतात. एक, यूएनएचसीआरकडे नोंद झालेल्या आणि पोलिसांकडे पडताळणी झालेल्या माणसाला मर्यादित व्यवहाराचं बँक खातं. दोन, दीर्घ मुदतीच्या व्हिसाच्या अर्जावर ठरावीक मुदतीत निर्णय, आणि तोवर मिळालेली पावती कामासाठी ग्राह्य. तीन, नोंदणीकृत सहकारी संस्थेत अशा बायकांना सभासदत्व, म्हणजे नफ्यात वाटा आणि दर ठरवण्यात मत. मुंडगोडला सहकारी संस्थेचा नमुना आपल्यासमोर आहेच.

भारतात यूएनएचसीआरकडे नोंद असलेले निर्वासित आणि आश्रयाचे अर्जदार मिळून आकडा काही हजारांच्याच घरात आहे, लाखांत नाही. एवढ्या मोठ्या देशाला हा बोजा म्हणता येणार नाही. १९४७ मध्ये तिजोरी रिकामी असताना आपण यापेक्षा कितीतरी मोठं काम केलं होतं.

सीमाभागातल्या वाचकाला हे का सांगायचं? आपली आणि त्यांची तुलना होत नाही. आपल्याकडे मतदार कार्ड आहे, सातबारा-उताऱ्यावर नाव आहे, भाषेसाठी भांडायला कोर्ट आहे. पण खिडकीपलीकडच्या माणसाने आपला कागद बाजूला सरकवला की काय वाटतं, हे इथल्या लोकांना कुणी समजावून सांगावं लागत नाही. त्यामुळे यापुढे निर्वासित बायकांना मशीन वाटल्याची बातमी दिसली, तर टाळ्या जरूर वाजवा. आणि सोबत एवढं विचारा की मजुरी कुठल्या खात्यात जमा होते आणि ते खातं कुणाच्या नावावर आहे. आमच्यासारख्या बातमीदारांनीही तेच विचारलं पाहिजे.